राक्षसांचे पाट

मनुष्याला संकटं पुरवावी लागत नाहीत, ती ज्याची त्याला घरपोच मिळतात. तुटवडा असतो तो संकटातून सोडवणाऱ्यांचा. हा तुटवडा ओळखून पुढारलेल्या देशांनी आकाशात उडणारे, भिंती चढणारे, अंगाला चिकटलेले कपडे घालणारे वीर चित्रांच्या पुस्तकांतून निर्माण केले आणि जगभर रवाना केले. यांपैकी एकही वीर पनवेलच्या खाली उतरला नाही. (उतरला असता तरी वडखळ नाक्यावर अडकला असता.) परिणामी १९९३ सालच्या पावसाळ्यापर्यंत पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतली जनता वीरांवाचून, म्हणजे केवळ एकमेकांच्या भरवशावर, दिवस काढत होती. ही परिस्थिती किती गंभीर आहे हे ज्याच्या प्रथम ध्यानात आलं, तो दत्तात्रेय.

दत्तात्रेय रोह्याचा. धाटावच्या वसाहतीत एका रसायनाच्या कंपनीत पाळीने कामाला. दोन वेळचं जेवण, डोक्यावर कौलं, बायको विमल आणि एक सुपरवायझर, एवढा त्याचा प्रपंच. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एक सवय होती. कुठल्याही पाळीत काहीही बिघडलं की तो चारचौघांत दत्तात्रेयाकडे वळून विचारायचा, "काय दत्तोबा, झोप झाली का?" एकदा एक पिंप कलंडलं तेव्हा दत्तात्रेय सासऱ्याच्या बाराव्याला गेला होता. परत आल्यावर त्याला हाच प्रश्न विचारण्यात आला. यावर दत्तात्रेय हसायचा. खरं उत्तर सुचायचं नाही असं नाही. पण ते कुंडलिकेच्या पुलावर, सायकलवरून घरी जाताना सुचायचं, आणि तिथे ऐकायला फक्त नदी असायची. नदीने ही उत्तरं निमूटपणे समुद्राला नेऊन दिली. पण नदी झाली तरी किती नेणार. उत्तरं साठत गेली, आणि साठलेल्या उत्तरांचा माणसाला एक तर रक्तदाब होतो नाहीतर साहित्य. दत्तात्रेयाला साहित्य झालं.

त्याचं मागणं फार नव्हतं. उगारलेला हात खाली आलेला त्याला आयुष्यात एकदा बघायचा होता. स्वतःचा हात तर उगारलाच जायचा नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने पाळीवीर निर्माण केला. पाळीवीराच्या अंगी शंभर हत्तींचं बळ, मात्र आठ तासच. आणि पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय त्याला संकट सोडून जाता येत नसे. (माणूस नाहीच आला तर सलग दुसरी पाळी. या बाबतीत इतर देशांच्या वीरांमध्ये त्याला तोड नाही.) पहिली गोष्ट त्याने विमलला वाचून दाखवली. तिने तांदूळ निवडता निवडता सगळी ऐकली आणि म्हणाली, "एवढं बळ हाय तर गॅसच्या रांगेत उभा ऱ्हाईल काय तो?" दत्तात्रेयाने ही टीका रचनात्मक समजून बाजूला ठेवली.

खरी अडचण पुढे आली. गोष्ट चार लोकांना ऐकवली तेव्हा खाडीकडच्यांनी विचारलं, वीर कुठला. रोह्याचा म्हटल्यावर ते उठून गेले. आतल्या गावांतल्या भातवाल्यांनीही तेच विचारलं. ते उठले नाहीत, बसल्या जागी ऐकायचे थांबले. आपल्याकडे संकट कुणाचंही चालतं, सोडवणारा मात्र आपल्यातला लागतो. सबब एका वीरावर भागणार नाही, सर्व विभागांना न्याय देणारी चित्रमालाच काढावी लागेल, असं ठरलं. तिचं नाव 'अचाट वीरमाला'. पहिल्या अंकात पुढीलप्रमाणे नेमणुका झाल्या:

पाळीवीर (औद्योगिक विभाग). भरतीराव (धरमतर व खाडीपट्टा): उधाणाचं पाणी तळहाताने अडवतो, भांगाच्या दिवसांत, पाणीच चढत नसल्याने, घरी. वालकेसरी (खांब गाव व आतला भातपट्टा): शत्रूच्या खिशात मूठभर वाल टाकतो, त्यांना सकाळपर्यंत मोड येतात. मीठराणी (महिला प्रतिनिधी, कारण त्या साली सगळीकडेच महिला प्रतिनिधी नेमायचं निघालं होतं): जिच्याकडे रोखून बघेल त्या गोष्टीचं मीठ होतं.

कुणाही वीराने दुसऱ्याच्या हद्दीत संकट दिसलं तरी त्या गावाला विचारल्याशिवाय शीव ओलांडायची नाही, असा नियमही झाला. पहिल्याच अंकात एक मचवा भर खाडीत बुडत असताना पाळीवीर दीड पान परवानगीची वाट बघत उभा आहे. वाचकांना हा प्रसंग अतिशय वास्तव वाटला.

(उभा आहे, हे चुकून लिहिलं गेलं. तो बसलेला होता. त्याचं कारण असं.)

चित्रं काढणार कोण, हा प्रश्न दोन्ही तालुक्यांत कुणालाच पडला नाही. ज्या मुलखात दर वर्षी इतके हात, पाय, कान आणि मुकुट तयार होतात, तिथे चार वीर होऊ नयेत म्हणजे काय. दत्तात्रेय एसटीने पेणला आला आणि तिथून हमरापूरला, शिवाच्या गणपतीच्या कारखान्यात गेला. शिवाने गोष्ट ऐकलीच नाही, नग किती ते विचारलं. कारखान्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती: आधी सगळ्यांची शरीरं, मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने, मग मुकुट, आणि सर्वांत शेवटी डोळे. त्याच क्रमाने त्याने पानं काढायला घेतली. आठवडाभर बत्तीस पानांवर नुसती अंगं सुकत होती. वीर कोण, राक्षस कोण, बुडणारी बाई कोण, हे शिवालाही सांगता येत नव्हतं.

सगळे वीर बसलेले होते, कारण उभी मूर्ती प्रवासात मोडते. उडायचं झालं तर ते पाटासकट उडत. सगळ्यांचा उजवा हात आशीर्वादाचा होता, राक्षसाचाही. पोटं भरल्या घरची होती. पहिल्या अंकात पाळीवीराच्या डाव्या हातात सवयीने मोदक राहून गेला. दुसऱ्या अंकात दत्तात्रेयाने खुलासा केला की तो ऊर्जागोल आहे. त्यानंतर रोह्याच्या शाळांतून ऊर्जागोलात नारळ किती आणि गूळ किती यावर बरीच चर्चा झाल्याचं सांगतात.

हे सगळं दत्तात्रेयाने पोटात घातलं. बसून का होईना, हात खाली यायला हवा होता. आणि हात खाली यायचा तर आधी डोळ्यांत राग यायला हवा. डोळे मात्र शिवाच्या हातात नव्हते. ते चंद्रावतीच्या हातात होते.

चंद्रावती ही शिवाची काकी. सगळा गाव तिला चंद्राकाकी म्हणायचा. तिच्यापुढे मूर्ती येई ती आंधळी येई आणि जाई ती गाव बघत जाई. हातातली कुंचली खारीच्या शेपटीएवढी हलकी. डोळा उघडताना ती श्वास धरायची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये सोडायची, आणि त्या सोडलेल्या श्वासावर एखादी ओवी चढायची:

पहिला उघडिला डोळा उगवतीच्या अंगाला,
दाविला माझ्या देवा, गाव कामाला लागला.
दुसरा उघडिला डोळा मावळतीच्या दारात,
दाविली माझ्या देवा, भाकर दमल्या हातात.

असे डोळे उघडणाऱ्या बाईसमोर दत्तात्रेयाने पहिल्या अंकातल्या राक्षसाचं, धुरासुराचं, पान ठेवलं.

"ह्याचे डोळे रागाचे पायजेत, काकी. गावंच्या गावं गिळतो हा."

"कशापायी गिळतो?"

"राक्षसच हाय तो."

"जेवलाय काय तो?"

दत्तात्रेयाला हे माहीत नव्हतं. बत्तीस पानं लिहिताना त्याने हा विचारच केला नव्हता.

"बघ," चंद्राकाकी म्हणाली, "पोटात काय नसंल तर गिळंल नायतर काय करंल. त्याच्यावर राग कसला धरायचा." आणि तिने धुरासुराला असे डोळे दिले की पान हातात घेणाऱ्याला त्याच्यासाठी ताट वाढावंसं वाटावं.

मग पाळीवीराला तरी रागाचे दे, असं दत्तात्रेय म्हणाला. तिने विचारलं, कुणावर. धुरासुरावर, म्हटल्यावर तिने नुसतं नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. दत्तात्रेयाने तिकडे बघितलं, आणि त्याच्याही हातून राग धरवेना. रोह्याला परतताना एसटीत त्याने शेवटची चार पानं बदलली. युद्ध रद्द झालं. पाळीवीर आणि धुरासुर एकमेकांकडे बघतात, दोघांनाही भरून येतं, जेवणाची पंगत बसते, आणि मीठराणी चवीपुरतं मीठ करते.

अंक रोह्याला दाजींच्या छापखान्यात छापला गेला. दाजी आयुष्यभर लग्नपत्रिका छापत आले होते, त्यामुळे पहिल्या अंकाच्या शेवटी, धुरासुराच्या पंगतीच्या चित्राखाली, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ आली. अनेक वाचकांना शेवट तिच्यामुळे कळला. मासिक म्हणून नोंदवलेली ही माला वर्षातून एकदाच निघे, याबद्दल काही कुजकट लोक बोलत. परंतु हिशोब सरळ होता. संक्रांतीपासून गणपतीपर्यंत शिवाला वेळ नाही. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत दाजींना वेळ नाही. उरलेल्या दिवसांत जे निघतं त्याला मासिक म्हणायचं.

तीन अंक निघाले आणि तीनही अंकांत एकही थप्पड बसली नाही. दुसऱ्या अंकातला बांधफोड्या राक्षस डोळे उघडताच स्वतःच बांध लिंपायला लागला. तिसऱ्या अंकातला मच्छरासुर ('आई नसंल त्याला,' चंद्राकाकी म्हणाली होती) वालकेसरीकडे सालदार म्हणून राहिला. अशा रीतीने १९९५ अखेर वीरमालेत चार वीर, तीन सुधारलेले राक्षस आणि वाईट असं कुणीही नाही, अशी अवस्था आली. तिकडे सुपरवायझरचं विचारणं चालूच होतं, आणि दत्तात्रेयाचं हसणंही. त्याला आता रात्री दातांवर दात घासायची सवय लागली होती. विमल म्हणायची, उशी चावताय की काय.

त्याने एक उपाय शोधला. आपले राक्षस मनातून काढलेले, म्हणून काकीला त्यांची कीव येते. खरेखुरे राक्षस मिळाले तर येणार नाही. तिसऱ्या अंकाच्या मलपृष्ठावर त्याने निवेदन छापलं: 'वाचकांनी आपापल्या परिसरातील राक्षस कळवावेत. पात्र राक्षसास सचित्र प्रसिद्धी देण्यात येईल. संपर्क : शिवाचा कारखाना, हमरापूर.'

यात त्याची एकच चूक झाली. कळवावेत म्हणजे पोस्टकार्ड टाकावं, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्या मुलखात गणपतीच्या कारखान्याला काही कळवायचं तर ते एकाच रीतीने कळवतात: घरचा पाट घेऊन जातात, त्याला हळदकुंकू लावतात, वर सुपारी ठेवतात आणि उंची सांगतात. मूर्ती त्याच पाटावर घडते, त्याच पाटावरून घरी येते. संक्रांत झाली आणि लोक राक्षसांचे पाट घेऊन यायला लागले.

पहिला पाट आला तेव्हा शिवाला वाटलं, गणपतीचाच. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, सोंड उजवी का डावी. गिऱ्हाईक म्हणालं, सोंड नको, मिशी हवी. आमचा थोरला भाऊ आहे. पुढे पुढे रांग लागली. खाडीकडचे आले, आतल्या गावांतले आले, सकाळच्या पाळीला जाणारे वाकडी वाट करून आले. प्रत्येक जण पाट टेकवायचा, इकडेतिकडे बघायचा आणि हळू आवाजात उंची सांगायचा. शेजारच्या घराने राक्षस दीड फुटी सांगितला असेल तर आपला पावणेदोन. एक जण माप घेऊन आला होता. भाऊ झोपला असताना सुतळीने घेतलेलं. आलेल्या पाटांचं वर्गीकरण दत्तात्रेयाने केलं ते असं: शंभरांमागे एकेचाळीस सख्खे भाऊ, बावीस चुलते-चुलतभाऊ, सतरा शेजारी, नऊ व्याही, सहा दूध सोसायटीचे चेअरमन, चार जावा, एक ग्रामसेवक. दरोडेखोर, तस्कर व परग्रहावरील प्राणी : निरंक. दोन सख्खे भाऊ एकाच एसटीने आले, एकमेकांचे पाट ठेवून गेले, आणि जाताना धाकट्याने थोरल्याचं तिकीट काढलं.

चंद्राकाकी फळीकडे बघायची आणि पुन्हा कुंचली बुडवायची. ओव्या मात्र कमी झाल्या.

आता शेवटचा पाट दत्तात्रेयाचाच असणार, हे सांगायला नको. पण त्याला ते स्वतःला शेवटपर्यंत सांगावं लागलं. त्या आठवड्यात कंपनीत भोंगा बिघडला होता आणि सुपरवायझरने सगळ्यांदेखत विचारलं होतं, दत्तोबा, भोंग्याची तरी झोप झाली का. सगळे हसले. दत्तात्रेय सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि घरी येऊन माळ्यावर चढला. विमल खालून म्हणाली, "देवाचा पाट हाय तो. त्याच्यावर कोणाला बसवताय?" पाट टॉवेलात गुंडाळून त्याने हमरापूर गाठलं.

चंद्राकाकीने टॉवेल बघितला, मग त्याला बघितलं.

"तू पण रे दत्ता."

"एकच हाय, काकी. सुपरवायझर."

"जेवलाय काय तो?"

या वेळी त्याला उत्तर माहीत होतं. "जेवतो की. माझ्याच डब्यातलं. विमलच्या हातची सुकटीची चटणी आवडते त्याला."

"आनि तू देतोस?"

"मागितल्यावर नाय कसं म्हणणार."

फळीवर पाटावर पाट चढले होते. गणपतीचे खाली दबले होते आणि त्यांच्या सुपाऱ्या घरंगळून कोपऱ्यात गेल्या होत्या. चंद्राकाकीने त्या उठून एकेक वेचल्या, ज्याची त्याच्यावर ठेवली. मग शिवाला हाक मारली.

"ह्या वक्ताला राक्षस काढू नको. एकालाबी नको. नुसता तो ह्याचा कंपनीवाला वीर काढ. उभा काढ. आनि हात वर नको, खाली येताना काढ."

शिवा म्हणाला, उभा मोडेल. ती म्हणाली, मोडू दे. त्याने काढला. एका पानावर एकच वीर, पायावर उभा, हात अर्ध्यात आलेला, आणि समोर कुणी नाही. सायंकाळी तिने पान पुढ्यात घेतलं. त्या दिवशी ओवी चढली नाही. श्वास धरला तो तिने दुसरा डोळा पुरा होईतो सोडलाच नाही.

दत्तात्रेयाने पान एसटीत उघडलं. त्याला हवे होते ते डोळे त्या पानावर होते. असा राग त्याने पुलावरसुद्धा कधी केला नव्हता. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती: देवाचे डोळे काढणारे हात ते असे काढतात की गाभाऱ्यात कुठेही उभे राहा, देव आपल्याकडेच बघतो. दत्तात्रेय डावीकडे सरकला. पाळीवीर तिकडे बघायला लागला. तो उजवीकडे कलला, पान वाकडं धरलं, उलटं धरलं. नागोठणं येईपर्यंत तो घामाघूम झाला होता. मग त्याला एकदम सुचलं: हे डोळे सुपरवायझरकडे बघतायत. आपण मध्ये येतोय, एवढंच. त्याला फार बरं वाटलं. रोह्याला दाजींनी पान बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, आमच्या पुतण्याला अगदी बरोबर नजरेत पकडलाय.

चौथा अंक छापला आणि पहिली प्रत दत्तात्रेयाने सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. ठेवली आणि, आयुष्यात प्रथमच, न हसता समोर उभा राहिला. सुपरवायझरने पान उघडलं. बघितलं. त्याचे कान तांबडे झाले. खुर्ची मागे सरकली. इतक्या वर्षांनी हात खाली येत होता.

"दत्तोबा," सुपरवायझर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हा आमच्या मेव्हण्याकडे कसा बघतोय रे. दे मला हा. दाखवतोच त्याला." त्याने अंक घडी करून छातीशी खिशात घातला, दत्तात्रेयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

हात खाली आला होता, याबद्दल इतिहासकारांत मतभेद नाहीत. तो लागला मात्र कुणालाच नाही.

अचाट वीरमालेचा पाचवा अंक निघाला नाही. संपादकांची प्रकृती हे कारण सांगण्यात आलं, पण तशी गरजच उरली नव्हती. चौथ्या अंकाने सर्वांचं समाधान केलं होतं. पाट ठेवून गेलेल्या प्रत्येकाने तो बघितला आणि आपल्याच राक्षसाला स्थान मिळाल्याबद्दल चंद्राकाकीचे आभार मानले. तिने ते ऐकून घेतले आणि पुढच्या मूर्तीला हात घातला. अभ्यासकांना पहिल्या तीन अंकांची एकही प्रत मिळत नाही, कारण डोळे उघडलेलं चित्र रद्दीत कसं घालायचं म्हणून लोकांनी ते गणपतीबरोबर खाडीत सोडले. चौथा मात्र कुणीच सोडला नाही. ज्याने वाचला त्याने तो दुसऱ्याच दिवशी, 'तू एकदा बघच', म्हणून ज्याच्यासाठी आहे असं वाटलं त्याच्या घरी नेऊन दिला. त्याने बघितला आणि आणखी पुढे पोचवला. त्यामुळे अंक कुणाच्या कपाटात सापडत नाही, तो कायम वाटेवर असतो. पेण-रोह्यातून तो केव्हाच बाहेर पडला आहे.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल. नाव घेऊ नका. अंक सध्या त्यांच्याकडेच आहे, आणि कालपासून ते तुमचा पत्ता विचारत फिरताहेत.